चौतिसाव्या वर्षी गोव्यात

फेरान कोरोमिनास हे नाव आमच्या पेडण्याच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी आलं ते डिसेंबर 2017 मध्ये. हॉटेलात पातळभाजी-पाव खाता खाता पेपर चाळणाऱ्यांना ते पूर्ण नाव काही झेपेना, म्हणून चार दिवसांत त्याचं ‘कोरो’ झालं. नंतर कळलं की स्पेनमध्येही लोक त्याला याच नावाने ओळखत होते.

तोंडी येण्याचं कारणही तसंच होतं. 30 नोव्हेंबरला फातोर्ड्याच्या मैदानावर बंगळुरू एफसीविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि एफसी गोवाने तो सामना 4-3 असा काढला. नऊ दिवसांनी त्याच मैदानावर केरळा ब्लास्टर्स आले. मध्यंतरानंतर लोक जागेवर येऊन बसतात न बसतात तोच कोरोने 48व्या, 51व्या आणि 55व्या मिनिटाला गोल केले. सामना 5-2. लागोपाठच्या दोन सामन्यांत हॅट्ट्रिक इंडियन सुपर लीगमध्ये तोवर कुणीच केली नव्हती. पेडण्याहून फातोर्डा म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर, रात्रीचा सामना संपवून परत यायला बस मिळत नाही. त्यामुळे आमच्याकडे हा पराक्रम बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला आणि उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला.

कोरो तेव्हा चौतीस वर्षांचा होता. आघाडीचा खेळाडू या वयात निवृत्तीची भाषा करू लागतो. गुडघे कुरकुरतात, वेग ओसरतो, विशीतली मुलं जागा मागत असतात. नेमक्या त्याच वयात या माणसाच्या खेळाला असा बहर आला, जसा स्पेनमधल्या इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. परदेशी खेळाडू म्हटला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: केवढ्याला आणला, आणि पूर्वी कुठे खेळला होता? माझ्या मते तिसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. त्याच्या शेजारी उभं राहून आपली मुलं काय शिकली? कोरोच्या बाबतीत या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे, म्हणून त्याची कारकीर्द मला सांगावीशी वाटते.

त्याचा जन्म 5 जानेवारी 1983 चा, काताल्योनियातल्या जिरोना शहराजवळच्या विलोबी द’ओन्यार या गावातला. लहानसं शेतकरी गाव, पण जिरोनाचा विमानतळ याच गावाला लागून आहे. आमच्याच तालुक्यात मोप्याचा विमानतळ झाल्यापासून पेडणेकराला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेताच्या बांधावरून विमान उतरताना दिसतं आणि त्यात आपल्या गावचं कुणीच नसतं, हे आम्ही रोज बघतो.

कोरो बार्सिलोनाच्या एस्पान्योल क्लबमध्ये वाढला. त्या शहरात एस्पान्योल म्हणजे धाकटी पाती. सगळं जग एफसी बार्सिलोनाचं नाव घेतं आणि एस्पान्योलवाले आपल्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर जिवापाड प्रेम करतात. तिथे पुढच्या फळीत राऊल तामुदो होता, त्या क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. तामुदो असताना मधली जागा दुसऱ्या कुणाला मिळणं शक्य नव्हतं. कोरो कधी उजव्या बगलेवर खेळायचा, कधी तामुदोच्या मागे, तर कधी बदली म्हणून उतरायचा.

तरीही एस्पान्योलच्या माणसाला आजही कोरोचं नाव विचारा, तो एक तारीख सांगेल: 13 मे 2006. लीगचा शेवटचा दिवस होता. समोर रेआल सोसिएदाद, गोल होत नव्हता आणि बरोबरी झाली तर एस्पान्योल दुसऱ्या श्रेणीत घसरणार होता. महिनाभरापूर्वी याच संघाने स्पेनचा राजचषक जिंकला होता आणि आता तोच खाली चालला होता. नव्वद मिनिटं संपली. 91व्या मिनिटाला कोरोने गोल केला. एस्पान्योल वाचला आणि त्याच्या जागी अलावेस खाली गेला. खालच्या श्रेणीत जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला चटकन जाणवत नाही, कारण आपल्या सुपर लीगमधून सुरुवातीची कितीतरी वर्षं कुणी खाली जात नव्हतं. युरोपात मात्र संघ खाली गेला की दूरचित्रवाणीचे पैसे आटतात, खेळाडू विकावे लागतात, कचेरीतल्या माणसांच्या नोकऱ्या जातात. त्या एका गोलावर अनेकांच्या घरची चूल अवलंबून होती.

पुढच्याच वर्षी एस्पान्योलने यूएफा चषकात एकही सामना न हरता अंतिम फेरी गाठली. उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्ध दोन्ही सामन्यांत कोरोने गोल केले. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर 16 मे 2007 रोजी सेव्हियाशी झालेला अंतिम सामना 2-2 असा सुटला आणि पेनल्टींवर एस्पान्योल हरला. पूर्ण स्पर्धेत अपराजित राहूनही हातात चषक नाही.

त्यानंतरची वर्षं साधी आहेत आणि बहुसंख्य व्यावसायिक खेळाडूंची कारकीर्द तशीच असते. ओसासुना, घराजवळचा जिरोना, मग एल्चे. एल्चेने 2014-15 च्या हंगामात तेरावं स्थान मिळवलं, म्हणजे मैदानावर तो संघ सुरक्षित होता. पण क्लबच्या डोक्यावर कर्ज होतं आणि त्या कारणाने त्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आलं. खेळाडूंनी आपलं काम चोख केलं आणि हिशेबाच्या वहीने त्यांना खाली ओढलं. कोरो तिथून मायोर्काला गेला आणि मग सायप्रसमधल्या डोक्सा काटोकोपियास या छोट्या क्लबात. तिथून तो आला गोव्यात.

ही वाट समजून घ्यायची तर एक कायदेशीर गोष्ट माहीत हवी. 1995 पर्यंत युरोपात खेळाडूचा करार संपला तरी जुना क्लब त्याच्यासाठी पैसे मागू शकत असे. ज्याँ-मार्क बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूने त्याविरुद्ध दाद मागितली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून करार संपलेला खेळाडू मोकळा. तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी हा निकाल म्हणजे मोठा आधार ठरला, कारण त्याला घेणाऱ्या क्लबला फक्त पगार द्यायचा असतो. उरतात ते कागद: एका देशाच्या महासंघाने दुसऱ्या देशाच्या महासंघाला द्यायचं आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र आणि नोकरीचा व्हिसा. स्पेनच्या अकादम्यांतून दरवर्षी इतके पायाने हुशार खेळाडू तयार होतात की त्या सगळ्यांना सामावून घेण्याइतक्या जागा त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत नाहीत. मग ते सायप्रस, ग्रीस, पोलंड करत हिंडतात. 2014 मध्ये सुपर लीग सुरू झाली तेव्हा कोलकात्याच्या संघात आत्लेटिको माद्रिदची भागीदारी होती आणि अंतोनिओ हाबास या स्पॅनिश प्रशिक्षकाने पहिलाच करंडक तिथे नेला. तेव्हापासून स्पेनच्या खेळाडूंना भारताचा रस्ता ठाऊक झाला.

कोरो आला तो गोवा फुटबॉलच्या दृष्टीने कसा होता, हे आता सांगायला हवं. त्यासाठी डिचोलीला जावं लागेल.

डिचोली तालुक्यातून ज्यांनी 2012 च्या आधी प्रवास केला आहे त्यांना खनिजाच्या ट्रकांची रांग आठवत असेल. रस्त्याकडेच्या घरांची कौलं, आंब्याची पानं, शाळेत जाणाऱ्या पोरांचे पांढरे सदरे, सगळ्यावर लाल धूळ. त्याच मातीतून निघालेल्या पैशावर गोव्याचा फुटबॉल उभा होता, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. साळगावकर, डेंपो, सेसा ही नावं आधी खाणीची आणि मग फुटबॉलची. डिचोलीची खाण डेंपो समूहाची होती. 2009 मध्ये त्यांनी खाणव्यवसाय सेसा गोवाला विकला. साखळीला सेसाची फुटबॉल अकादमी आहे आणि तिथे राहून, शिकून अनेक मुलं वरच्या संघांत गेली.

आणि तो फुटबॉल साधासुधा नव्हता. 2004-05 पासून 2012-13 पर्यंतचे नऊ हंगाम घ्या. या नऊपैकी आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद गोव्यात आलं: डेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, साळगावकर एकदा. मध्ये एकदाच मुंबईचा महिंद्र युनायटेड जिंकला. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्याने अख्ख्या देशाला नऊ वर्षं असं बांधून ठेवलं होतं. परदेशी खेळाडू तेव्हाही होते. डेंपोकडून खेळणाऱ्या नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने 2011-12 च्या एका हंगामात 32 गोल केले होते.

मग सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्या टायरांत गवत उगवलं. डिचोलीत कर्जाचे हप्ते थकले आणि गावोगावच्या छोट्या स्पर्धांचे देणगीदार हात आखडता घेऊ लागले. 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो हे तिघेही आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. जाहीर कारण होतं राष्ट्रीय महासंघाची लीगबद्दलची नवी योजना त्यांना मान्य नव्हती. त्या वादात क्लबांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पन्नास-साठ वर्षं ज्यांनी हा खेळ पोसला, त्यांना दुय्यम श्रेणीत बसा असं सांगण्यात आलं होतं. जुनी घराणी मात्र फुटबॉलपासून तुटली नाहीत. 2014 मध्ये एफसी गोवा स्थापन झाला तेव्हा मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास डेंपो होते.

नव्या संघाची पहिली तीन वर्षं ब्राझीलच्या झिकोच्या हाताखाली गेली. 2015 चा अंतिम सामना फातोर्ड्यातच झाला आणि गोवा चेन्नईयिनकडून 3-2 असा हरला. 2016 मध्ये तर संघ तळाला गेला. 2017 मध्ये व्यवस्थापनाने सगळं बदललं आणि सेर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला आणलं. लोबेराची उमेदवारी बार्सिलोनाच्या युवा संघांत झाली होती. मग लास पाल्मास आणि मोरोक्कोतला मोग्रेब तेतुआन. त्याने सोबत आणले ते नावाने मोठे नसलेले पण त्याच वळणाचे खेळाडू: कोरो, मान्युएल लान्झारोते, एदू बेदिया.

पहिला सामना 19 नोव्हेंबर 2017 रोजी चेन्नईत. गोवा 3-2 असा जिंकला. पहिला गोल कोरोचा, दुसरा लान्झारोतेचा आणि तिसरा म्हापशाच्या मंदार राव देसाईचा. हा तिसरा गोल मला फार महत्त्वाचा वाटतो. डाव्या बगलेचा आपला मुलगा प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी पोहोचला, कारण समोरच्या बचावपटूंना कोरो आणि लान्झारोते यांनी आधीच दुसरीकडे ओढून नेलं होतं.

कोरोचा खेळ असाच होता. तो उंच नव्हता, धिप्पाड तर नव्हताच आणि चौतिशीत त्याच्याकडे वाऱ्याचा वेगही राहिला नव्हता. त्याचा खेळ बघायचा तर चेंडूवरची नजर काढून त्याच्या पायांवर ठेवावी लागे. चेंडू मैदानाच्या मध्यावर बेदियाकडे असे. कोरो बचावपटूपासून दोन पावलं पुढे, चेंडूकडे येई. बचावपटूला वाटे, हा पास घ्यायला चालला; तोही मागोमाग सरके. त्याच क्षणी कोरो थांबून उलटा वळे आणि बचावपटूच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या पट्टीत घुसे. बेदियाचा पास आधीच निघालेला असे. पास निघताना कोरो बचावाच्या रेषेच्या अलीकडे आणि चेंडू पोहोचताना पलीकडे, म्हणून ऑफसाइडचा झेंडा वर होत नसे. मग एकच स्पर्श आणि गोल. थांबवून, निशाण धरून, ताकदीने मारलेले त्याचे गोल कमीच. बहुतेक गोल बघणाऱ्याला सोपे वाटत. ते सोपे वाटायचे, कारण अवघड काम चेंडू येण्याच्या आधीच उरकलेलं असे.

स्पेनमध्ये हे गुण होतेच. पण तिथे त्याला बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी जागा मोकळी करायची होती. गोव्यात पहिल्यांदा संपूर्ण संघ त्याच्या हालचालीवर बेतलेला होता. आपल्याकडच्या बचावपटूंना माणसाला धरून खेळायची सवय होती, जागेवर पहारा द्यायची नव्हती, हेही खरं. पहिल्या हंगामात त्याने 18 गोल केले, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात 14. एकूण 57 सामन्यांत 48. पहिल्या दोन हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान त्याचा आणि दुसऱ्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूचाही. लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा त्याचा विक्रम जानेवारी 2022 मध्ये बार्थोलोम्यू ओग्बेचेने मोडला.

मार्च 2019 मध्ये मुंबईत अंतिम सामना होता. जादा वेळेत 117व्या मिनिटाला बंगळुरूच्या राहुल भेकेचा हेडर आत गेला आणि गोवा 1-0 असा हरला. त्या रात्री पेडण्यात टीव्ही बंद होण्याचा आवाजसुद्धा ऐकू आला असं वाटावं इतकी शांतता पसरली. पण महिनाभरातच, 13 एप्रिलला, भुवनेश्वरमध्ये गोव्याने चेन्नईयिनला 2-1 असं हरवून सुपर कप घेतला. एक गोल कोरोचा, दुसरा ब्रँडन फर्नांडिसचा. क्लबचा तो पहिला करंडक. पुढच्या हंगामात साखळी फेरीत पहिलं स्थान मिळवून गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तो हंगाम संपायच्या आधीच लोबेराला पदावरून दूर करण्यात आलं होतं आणि शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडा या आपल्या माणसाच्या देखरेखीखाली खेळले गेले. जमशेदपूरला त्यांच्या घरी 5-0 असं नमवून गोव्याने ती जागा पक्की केली.

ज्या स्पर्धेचं दार कोरोने उघडलं तिथे तो स्वतः खेळला नाही. 2020 मध्ये तो गेला. एप्रिल 2021 मध्ये फातोर्ड्यात, करोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या मैदानावर, गोव्याने कतारच्या अल रय्यानला आणि अमिरातीच्या अल वहदाला गोलशून्य रोखलं. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडनची फ्री किक हवेत वळली आणि एदू बेदियाने डोक्याने चेंडू आत घातला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतला भारतीय क्लबचा तो पहिला गोल. सामना 2-1 असा गेला, पण तो गोल राहिला. मडगावच्या मुलाचा पास आणि सांतांदेरच्या माणसाचा हेडर.

बेदियाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण कोरोची वाहवा झाली तेवढी त्याची झाली नाही. रासिंग सांतांदेरमध्ये तो वाढला, बार्सिलोनाच्या दुय्यम संघात खेळला आणि 2017 मध्ये गोव्यात आला तो तब्बल सहा हंगाम राहिला. कर्णधार झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये कोलकात्यात मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध ड्युरँड चषकाचा अंतिम सामना जादा वेळेत गेला, तेव्हा 105व्या मिनिटाला त्याच्याच फ्री किकने गोव्याने तो 1-0 असा जिंकला. कोरोच्या जागी आलेला इगोर आंगुलो बिल्बाओचा. फ्रान्स, सायप्रस, ग्रीस करत तो पोलंडला पोहोचला, तिथे गुर्निक झाब्झेकडून सर्वाधिक गोलांचा मानकरी झाला आणि मग इथे येऊन 2020-21 मध्ये 14 गोलांसह तोच मान पुन्हा मिळवला. कार्लोस पेन्या तर बचावपटू म्हणून आला आणि काही वर्षांनी याच संघाचा प्रशिक्षक म्हणून परतला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गोल करण्याची जागा वर्षानुवर्षं परदेशी माणसाला दिली तर भारतीय गोलवीर तयार कसे होणार? पहिल्या तीन हंगामांत एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानात असत. 2017-18 पासून ही मर्यादा पाचवर आली आणि 2021-22 पासून चारवर. सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न देशाला अजून छळतो आहे आणि त्याचं एक मूळ इथे आहे. मर्यादा कमी केली हे चांगलंच झालं. पण ब्रँडन, मंदार, सेरिटन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्स यांचा 2017 नंतरचा खेळ बघितला की कोरो-बेदियांनी जागा अडवली असं मला म्हणवत नाही. त्यांच्यासोबत रोज सराव करून ही मुलं मोठी झाली. ब्रँडनला धावणारा कोरो मिळाला नसता तर त्याच्या पासांची नजर किती लोकांना दिसली असती?

आता आमच्या पेडण्याकडे येतो.

गोव्यात फुटबॉल आला तो 1883 मध्ये. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू हवापालटासाठी शिवोलीत येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला. शिवोली शापोरा नदीच्या दक्षिण काठावर आहे. उत्तर काठावर चोपडे, म्हणजे पेडणे तालुका सुरू. मध्ये जेमतेम एक नदी. पण ती ओलांडायला फुटबॉलला फार वर्षं लागली, कारण नदीच्या दोन काठांवरचं जगणं वेगळं होतं. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादीत खेळ पसरला तो चर्चच्या शाळांतून आणि चर्चसमोरच्या मैदानांवरून. पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. इथे गावाचं मन देवळाच्या मांडावर रमायचं: दशावतार, भजन, जत्रा. मोकळी जागा असायची ती भातशेतीची आणि ती वर्षातून काही महिनेच मोकळी.

तरी पेडण्याचं गोव्याच्या फुटबॉलवर ऋण नाही असं कुणी म्हणू नये. भाऊसाहेब बांदोडकर पेडण्यात जन्मले. खाणउद्योजक, मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री आणि खेळांचे खरे शौकीन. त्यांच्या नावाची सुवर्णचषक फुटबॉल स्पर्धा 1970 पासून गोव्यात भरू लागली आणि देशातले नामांकित संघ पणजीला येऊ लागले. भारताचे माजी कर्णधार आणि गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्याच काळात घडले. फुटबॉल ही साष्टीची आणि ख्रिस्ती समाजाचीच मिरास आहे, हा समज त्यांच्या पिढीनेच खोडून काढला होता.

आमच्याकडे मुलांच्या पायाशी चेंडू रुळला तो अलीकडे. गेल्या जानेवारीत माझा भाचा मला त्यांच्या सरावाला घेऊन गेला. कापणी झालेली शेतं, भाताची टोकं अजून पायाला टोचत होती. बांधाजवळचा एक कुणगा मुलांनी पायांनी तुडवून सपाट केला होता. गोलपोस्ट नव्हते. दहा-बारा वर्षांची सात मुलं होती. सहाजण कडेने रिंगण करून उभे, एक मध्ये. कडेच्यांनी चेंडू एका स्पर्शात एकमेकांना द्यायचा आणि मधल्याने तो हिसकावायचा. ज्याचा पास अडला तो मध्ये.

याला स्पॅनिशमध्ये रोंदो म्हणतात. सांतांदेरकडचे प्रशिक्षक लाउरेआनो रुईझ यांनी 1970 च्या दशकात तो बार्सिलोनाच्या मुलांमध्ये रुजवला आणि पुढे तिथलेच प्रशिक्षक क्रॉयफ यांनी त्याला सगळ्या सरावाचा पाया केलं. दिसायला पोरखेळ, पण त्यात खेळाचं सारं गणित आहे. चेंडू येण्याआधी मान वळवून बघावं लागतं. शरीर अर्धं उघडं ठेवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडे पास देता येतो. आणि पास दिल्यावर थोडं सरकावं लागतं, नाहीतर पुढच्याला तुम्ही दिसतच नाही. लोबेराच्या संघाचा सराव याच चौकटीत चालायचा. फोर्सा गोवा फाउंडेशनच्या मुलांच्या स्पर्धांतून, गावोगावच्या प्रशिक्षकांतून आणि मोबाइलवरच्या तुकड्यांतून रोंदो असा चोपड्यातल्या या शेतापर्यंत आला.

मुलांना शिकवणारा तरुण दिवसा मोप्याच्या विमानतळावर नोकरी करतो. पायात साधे बूट, गळ्यात शिट्टी, पण ती त्याने एकदाही वाजवली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “दिलो मरे? मगीर हाल!” दिलास ना? मग हल आता. भाचा सुरुवातीला पास देऊन तिथेच उभा राहायचा, आपण दिलेल्या चेंडूकडे बघत. दोनदा मध्ये गेला. तिसऱ्यांदा त्याने पास दिला आणि न बघता डावीकडे दोन पावलं टाकली. चेंडू फिरून परत त्याच्याकडेच आला आणि मधला मुलगा अजून त्याच्या जुन्या जागेकडेच धावत होता.

“हें कोण करतालो?” त्या तरुणाने सगळ्यांना विचारलं.

“कोरो,” दोन मुलं एकदम म्हणाली. कोरो गोव्यात शेवटचा खेळला तेव्हा ती चार-पाच वर्षांची असतील. चेंडू पुन्हा फिरायला लागला.